‘गुण आला’ म्हणजे काय झाले?

मनाने आजारी असलेल्या माणसाच्या घरात एक वाक्य फार आशेने उच्चारले जाते. ‘अमक्याच्या मुलीला तिथे गुण आला, आपणही एकदा नेऊन पाहू या.’ हे ‘तिथे’ म्हणजे कधी एखादे प्रार्थनाशिबिर असते, कधी मलंगगडाची वाट असते, कधी गावच्या भगताचा ओटा असतो, तर कधी ठाण्याचे मनोरुग्णालय. आमच्या भिवंडीत नाना प्रांतांची आणि नाना धर्मांची माणसे यंत्रमागांच्या खडखडाटात भिंतीला भिंत लावून राहतात. त्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सल्ल्याने एकाच कुटुंबाने हे चारही मार्ग चोखाळलेले असतात. धर्मगुरूकडे येईपर्यंत त्या कुटुंबाची पुंजी आणि उमेद दोन्ही बरीचशी संपलेली असतात. मग एक प्रश्न हळू आवाजात विचारला जातो : ‘फादर, यातले खरे काय?’

हा प्रश्न वरवर वैद्यकाचा दिसतो. माझ्या मते तो नीतीचाही आहे. दुःखी माणसाला आपण काय देणे लागतो? केवळ करुणा, की आपण करीत असलेल्या उपायाने त्याचे खरोखर भले होते आहे की नाही, याची तपासणीही? आणि मन ही जर परमेश्वराने घडवलेल्या माणसाची अंतर्यामीची जागा असेल, तर तिच्यावर प्रश्नावल्या, आकडे आणि प्रयोग यांचा पहारा बसवणे कितपत योग्य? मनोविकारांचे शास्त्रीय संशोधन कसे चालते, हे थोडे जाणून घेतल्याशिवाय या प्रश्नांची उत्तरे देता येणार नाहीत.

अनुभव आणि पुरावा

‘गुण आला’ ही साक्ष खोटी नसते. सांगणारा प्रामाणिक असतो आणि रोग्याला बरे वाटलेले असते. तथापि मनाच्या बहुतेक विकारांना भरती-ओहोटी असते. नैराश्याचा झटका कित्येकदा काही महिन्यांनी आपोआपही ओसरतो. उन्मादाची लाट चढते तशी उतरते. माणूस मदतीसाठी धावतो तो भरतीच्या वेळी, सर्वांत वाईट दिवसांत. त्यानंतर येणारी ओहोटी कोणाच्या तरी खात्यावर जमा होते. त्या दिवसांत जो उपाय चालू असेल, तो यशस्वी ठरतो. दुसरे असे की, ज्याला गुण येतो तो व्यासपीठावर साक्ष देतो, पण ज्याला गुण येत नाही तो साक्ष द्यायला परत येत नाही. तो दुसरे दार ठोठावीत असतो. तिसरे म्हणजे आशा आणि आपलेपणा यांचाच रोग्यावर परिणाम होतो, मग हातात दिलेली गोळी साखरेची का असेना. म्हणून एकेकट्या साक्षीवरून उपायाची पारख होत नाही. ज्यांना उपाय मिळाला त्यांची, तो न मिळालेल्या पण बाकी सर्व बाबतींत तशाच असलेल्या माणसांशी तुलना करावी लागते. शास्त्रीय पद्धतीचे मर्म या तुलनेत आहे.

अशी पारख करणे म्हणजे श्रद्धेचा अभाव, असे काहींना वाटते. त्यांनी इतिहासातील एक प्रकरण अवश्य ऐकावे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये मार्थ ब्रोसिए नावाच्या तरुणीला सैतानाने पछाडले आहे, असा बोभाटा झाला. गावोगाव लोक तिला पाहायला लोटू लागले. अँजेर शहराचे महागुरू शार्ल मिरों यांनी तिची परीक्षा घेतली. त्यांनी साधे पाणी म्हणून आशीर्वादित पाणी दिले, तर ती शांत राहिली. आशीर्वादित पाणी म्हणून साधे पाणी दिले, तर तिला आचके येऊ लागले. मग त्यांनी भूत काढण्याच्या विधीचा ग्रंथ आणवल्याचे भासवून व्हर्जिल या रोमन कवीचे लॅटिन काव्य वाचले, तेव्हाही ती गडबडा लोळली. पुढे १५९९ साली पॅरिसमध्ये वैद्यांनी तिला तपासले आणि मिशेल मारेस्को या वैद्याने छापलेल्या वृत्तान्तात सैतानाचा हात नाकारला. रोग्याला नकळत खऱ्याच्या जागी खोटे ठेवून परिणाम पाहण्याची ही युक्ती आजच्या औषधचाचणीचा पाया आहे. संशोधनाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तिची मुळे ख्रिस्तसभेच्या अशा परीक्षांपर्यंत नेली आहेत.

त्या परीक्षेने एक गोष्ट सिद्ध केली : सांगितले जाते ते कारण खरे नाही. पण मग त्या तरुणीला काय झाले होते, तिला कशाची गरज होती, हे त्या परीक्षेने सांगितले नाही. लोकांसमोर ती ढोंगी ठरली. पारख करणे आवश्यक असले तरी पारख झाली की आपली जबाबदारी संपली असे नव्हे, ही नोंद आपण आतापासूनच मनात ठेवू या.

वैद्यकालाही ही परीक्षा चुकत नाही. १९३३ साली व्हिएन्नात मॅनफ्रेड साकेल यांनी छिन्नमनस्कतेवर, म्हणजे स्किझोफ्रेनियावर, इन्शुलिनचा उपाय पुढे आणला. मोठ्या मात्रेत इन्शुलिन टोचून रोग्याला रोज खोल बेशुद्धीत न्यायचे आणि साखर देऊन परत आणायचे. जगभरच्या इस्पितळांनी तो उचलला. डॉक्टर, परिचारिका, नातेवाईक सर्वजण ‘गुण येतो’ म्हणत होते. काही रोगी त्या बेशुद्धीतून परत आले नाहीत. १९५७ साली लंडनमध्ये ब्रायन ॲकनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रोग्यांना इन्शुलिनने आणि काहींना झोपेच्या औषधाने बेशुद्ध केले. बाकीची शुश्रूषा दोघांची सारखीच ठेवली. शेवटी दोन्ही गटांत फरक आढळला नाही. म्हणजे गुण येत असेलच, तर तो इन्शुलिनचा नव्हता. माणसे जवळ बसत होती, काळजी घेत होती, त्याचा तो असावा. वीस-पंचवीस वर्षे सद्हेतूने चाललेला एक घातक उपाय एका साध्या तुलनेने मोडीत निघाला. सद्हेतू होता म्हणून त्या उपायात दगावलेल्यांचे मरण टळले नाही. न तपासलेली दया निर्दय ठरू शकते, हे मला या घटनेत दिसते.

याच्या उलट उदाहरण आपल्याच मातीतले आहे. सर्पगंधेची मुळी आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या वेडावर दिली जात असे. उत्तरेत तिला ‘पागल की दवा’ असेच म्हणत. १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोहोंवरील तिचा गुण नोंदवला. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवरील आपली निरीक्षणे ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केली आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. तिच्यातून काढलेले रेसरपिन १९५४ च्या सुमारास अमेरिकेत मनोरुग्णांना दिले जाऊ लागले. पुढील वर्षांत तिचे दुष्परिणामही नोंदले गेले, अधिक चांगली औषधे आली आणि मनोविकारांसाठी तिचा वापर मागे पडला. परंपरेने सांगितलेले खरे निघू शकते, हे तपासणीने कळले. ते कुठवर खरे, हेही तपासणीनेच कळले.

मनाचा ठाव

मधुमेह रक्तात मोजता येतो, क्षय क्ष-किरणांच्या छायाचित्रात दिसतो. नैराश्याचे तसे नाही. बहुतेक मनोविकारांचे निदान आजही रक्ताच्या तपासणीने करता येत नाही. डॉक्टरांपाशी असते ते रोग्याचे बोलणे, त्याचे वागणे आणि घरच्यांनी सांगितलेली हकीगत. मग दोन डॉक्टरांचे मत एक कसे व्हावे? यासाठी संशोधकांनी प्रश्नांचे साचे तयार केले. झोप किती, भूक किती, मन कशात रमते का, जगणे नकोसे वाटते का, किती दिवसांपासून? तेच प्रश्न, त्याच क्रमाने, दोन वेगवेगळ्या माणसांनी विचारले आणि दोघांचे निदान जुळले, तर त्या साच्यावर भरवसा ठेवायचा. जुळले नाही तर साचा दुरुस्त करायचा.

येथे भाषेचा मोठा अडसर येतो. आपल्या घरांत ‘मी निराश आहे’ असे क्वचितच कोणी म्हणते. ‘जीव घाबरतो’, ‘छातीत धडधडते’, ‘डोक्यात किडे वळवळतात’, ‘कशात जीव रमत नाही’, ‘टेन्शन आहे’, असे आपण म्हणतो. दादर-परळच्या दवाखान्यात बसून इंग्रजी प्रश्नावलीचे शब्दशः भाषांतर विचारले, तर उत्तर देणारी बाई प्रश्नाचा अर्थ न कळताच मान हलवील आणि ती मान आकड्यांत जाऊन बसेल. या अडचणीवर मुंबईतच एक महत्त्वाचे काम झाले. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ मिचेल वाईस आणि केईएम रुग्णालयाचे डॉ. डी. आर. दुंगाजी व त्यांचे सहकारी यांनी कुष्ठरोग्यांच्या मानसिक स्वास्थ्याचा अभ्यास करताना मुलाखतीची एक नवी पद्धत बसवली आणि १९९२ साली ती प्रसिद्ध केली. तुमच्या त्रासाला तुम्ही काय नाव देता? तो कशामुळे झाला असे तुम्हांला वाटते? कोणाकडे गेलात, कोणापासून लपवलात? रोग्याची गोष्ट त्याच्याच शब्दांत घ्यायची आणि मगच तिची तुलना करता येईल अशी मांडणी करायची. पुढे केईएमच्याच डॉ. शुभांगी पारकर यांनी वाईस व इतर सहकाऱ्यांसह मालाडच्या मालवणी वस्तीत जाऊन तेथील स्त्रीपुरुष आपल्या मानसिक त्रासाबद्दल काय सांगतात, हे ऐकले. दारू, बेकारी, घरातील मारहाण, पाण्याच्या रांगा या गोष्टी त्या त्रासापासून वेगळ्या काढताच येत नाहीत, असे ते चित्र होते. भिवंडीच्या कोणत्याही कामगार वस्तीला ते परके वाटणार नाही.

हे वाचताना मला मार्ककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील तो बाप आठवतो, ज्याचा मुलगा जमिनीवर आपटतो आणि तोंडाला फेस आणतो. शिष्यांना काही करता आलेले नाही आणि भोवती गर्दी वाद घालीत आहे. प्रभू येशू बरे करण्यापूर्वी त्या बापाला विचारतो की, याला हे केव्हापासून होते आहे. बाप सांगतो की लहानपणापासून, आणि मग आगीत पडला, पाण्यात पडला, हे सगळे सांगत जातो. सर्वज्ञ प्रभूला ही माहिती नव्हती असे आपण म्हणणार नाही. तरीही त्याने विचारले आणि ऐकून घेतले. रोग्याची हकीगत नीट विचारणे हा करुणेचाच भाग आहे, एवढे तरी त्यातून आपण घ्यावे.

चिठ्ठीतला न्याय

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे वळतो. नव्या उपायाची पारख करण्याची आज सर्वांत भरवशाची मानली जाणारी पद्धत म्हणजे चिठ्ठ्या टाकून केलेली विभागणी. काहींना नवा उपाय मिळतो, काहींना प्रचलित उपाय. कोणाला काय मिळावे, हे डॉक्टर ठरवीत नाही, नातेवाईक ठरवीत नाही, नशीब ठरवते. हे ऐकून एखाद्या आईचे काळीज चरकेल. माझ्या आजारी मुलाचा जुगार का मांडता, असे ती विचारील.

शेजारच्या गोव्यात झालेली एक चाचणी या प्रश्नावर प्रकाश टाकते. मुंबईत जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांची ‘संगथ’ ही संस्था यांनी ‘मानस’ नावाचा प्रयोग केला. मानसोपचारतज्ज्ञ थोडे, रोगी पुष्कळ. मग वैद्यकाची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक स्त्रियांना सुमारे दोन महिन्यांचे प्रशिक्षण देऊन नैराश्य आणि चिंता यांनी ग्रासलेल्यांना त्यांनी समुपदेशन केले, तर उपयोग होईल का? गोव्यातील १२ सरकारी आरोग्यकेंद्रे आणि १२ खासगी दवाखाने निवडले गेले आणि कोणत्या ठिकाणी या समुपदेशिका बसतील, हे चिठ्ठीवर सोपवले. उरलेल्या ठिकाणच्या रोग्यांना वाऱ्यावर सोडले नव्हते. तेथेही तपासणीचा निष्कर्ष आणि उपचारांची मार्गदर्शिका डॉक्टरांच्या हाती दिली होती. एकूण २,७९६ माणसे त्यात सहभागी झाली. २०१० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष आले. ज्यांचा विकार निदानाने निश्चित झाला होता, त्यांपैकी सरकारी केंद्रांत समुपदेशिका असलेल्या ठिकाणी सहा महिन्यांनी ६५.९ टक्के लोक बरे झाले होते, तर नसलेल्या ठिकाणी ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र फरकच पडला नाही. एकीकडे ६४.१ टक्के, दुसरीकडे ६५.९ टक्के.

या आकड्यांत दोन धडे आहेत. पहिला असा की, शंभरांतील चाळीसेक माणसे समुपदेशिकेविनाही बरी झालीच असती. तुलना केली नसती, तर त्या सर्वांचे श्रेय समुपदेशिकेला मिळाले असते. दुसरा धडा नम्रतेचा आहे. ज्यांनी उपाय शोधला, त्यांनीच तो खासगी दवाखान्यांत कामी आला नाही हे छापून सांगितले. गावच्या ओळखीच्या डॉक्टरकडे रोग्याला आधीच थोडा वेळ आणि आपुलकी मिळत असावी, असा तर्क करता येतो, पण तो तर्कच. आपल्या प्रियतम कल्पनेविरुद्ध पुरावा आला तरी तो लपवायचा नाही, ही शिस्त मला कबुलीजबाबाच्या संस्काराइतकीच मोलाची वाटते.

राहिला त्या आईचा प्रश्न. नवा उपाय चांगला आहे हे ठाऊक असूनही तो कोणाला नाकारणे हे पाप आहे. तो चांगला आहे की नाही, हे कोणालाच खरोखर ठाऊक नसते, तेव्हा मात्र चिठ्ठी अन्यायाची नसते. उलट ती वशिला दूर ठेवते. डॉक्टरने निवड केली असती, तर त्याने नकळत सौम्य आजाराचे, चांगल्या घरचे, बोलके रोगी नव्या उपायाकडे वळवले असते आणि निष्कर्ष खोटा ठरला असता. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आरंभी यहूदाच्या जागी कोणाला घ्यावे, हा प्रश्न आला. दोघेही पात्र होते आणि माणसांना निवड करता येत नव्हती. तेव्हा प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आणि मथियाची निवड झाली. आपल्याला कळत नाही, ही कबुली त्या चिठ्ठीत होती. प्रामाणिक चाचणीतही तीच असते.

प्रत्येक संशोधन असे चिठ्ठी टाकून करता येत नाही. विदर्भात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी हाहाकार उडालेला असताना अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा उपक्रम झाला. गावातील प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघर जाऊन नैराश्याची ओळख करून देत, प्राथमिक आधार देत आणि गरजूंना डॉक्टरांपर्यंत नेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. तुलनेसाठी दुसरी गावे नव्हती. आधीची स्थिती आणि नंतरची स्थिती एवढेच मोजले होते. तेव्हा एखादा बरा पावसाळाही या आकड्यांत मिसळला असेल. ही पद्धत दुबळी आहे हे मान्य करूनही, शंभरांतील चार जणांनाच मदत मिळत होती, हे सत्य तिच्यामुळेच उजेडात आले.

माणूस आणि साधन

शास्त्रीय पद्धतीचे इतके गुण सांगितल्यावर तिची दुसरी बाजू सांगणे मला भाग आहे. रोगी हा माणूस न राहता संशोधनाचा जिन्नस झाला की काय घडते, हे गेल्या शतकाने पाहिले आहे. नाझी जर्मनीत मनोरुग्ण आणि मतिमंद यांना जगण्यास अपात्र ठरवून इस्पितळांतूनच ठार मारण्याची योजना राबवली गेली. ऑगस्ट १९४१ पर्यंत सुमारे ७०,००० जीव गेले. मारलेल्यांचे मेंदू काही संशोधकांनी अभ्यासासाठी घेतले. ३ ऑगस्ट १९४१ रोजी मुन्स्टरचे महागुरू क्लेमेन्स फॉन गालेन यांनी भर देवळात प्रवचनातून या हत्यांना खून म्हटले. युद्धानंतर १९४७ साली न्यूरेम्बर्ग येथील निवाड्यात संशोधनाची नीतितत्त्वे मांडली गेली आणि त्यांत माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती हे पहिले तत्त्व ठरले.

मनोविकारात ही संमतीच बिकट होते. ज्या मनाने होकार द्यायचा, तेच मन आजारी. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने यावर एक मार्ग आखला आहे. मनोरुग्णावरील कोणत्याही संशोधनासाठी, केवळ मुलाखत घ्यायची असली तरी, त्याची समजून-उमजून दिलेली मुक्त संमती हवी. तो संमती देण्याच्या स्थितीत नसेल, तर राज्य प्राधिकरणाची परवानगी आणि रोग्याच्या प्रतिनिधीची संमती लागते, आणि संमती केव्हाही मागे घेता येते. कायद्याने कुंपण घातले हे चांगलेच झाले. तथापि कुंपणाच्या आतही विवेक जागा ठेवावा लागतो.

घाना देशात झालेली एक चाचणी हे स्पष्ट करील. तिथे ख्रिस्ती प्रार्थनाशिबिरांत तीव्र मनोरुग्णांना आणले जाते आणि कित्येकांना साखळदंडांनी बांधले जाते. संशोधकांनी एका शिबिरातील १३९ रोग्यांची चिठ्ठीने विभागणी केली. सर्वांसाठी प्रार्थना चालूच राहिली, पण अर्ध्या रोग्यांना त्याबरोबर औषधेही मिळाली. २०१८ साली निष्कर्ष आला. औषध मिळालेल्यांची लक्षणे सहा आठवड्यांत अधिक कमी झाली. साखळीत काढलेल्या दिवसांत मात्र फरक पडला नाही. तेव्हा डॉ. विक्रम पटेल यांनी कमलदीप भुई यांच्यासह लिहून बजावले की, साखळ्या तोडण्याचे काम औषधाचे नाही. साखळी घालणे ही माणुसकीची पायमल्ली आहे आणि ती थांबवायला कोणत्याही चाचणीची वाट पाहण्याची गरज नाही. मला हे पटते. काही प्रश्न पुराव्याने सुटतात, तर काहींचे उत्तर विवेकाने आधीच दिलेले असते. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण पळू न शकल्याने जळून मेले. साखळी उपकारक की अपकारक, यावर संशोधन करण्याची आवश्यकता होती काय?

त्याच चाचणीतून आपल्या घरांसाठीही एक शिकवण निघते. प्रार्थना की औषध, असा पेच तिथे टाकलाच नव्हता. प्रार्थना होतीच, प्रश्न होता तो औषधाची जोड देण्याचा. आपल्या ख्रिस्तसभेची भूमिकाही याहून निराळी नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट सांगितले आहे की, मानसिक आजार ही वेगळी बाब असून तिच्यावर उपचार करणे हे वैद्यकाचे काम आहे. भूत काढण्याच्या विधीपूर्वी आपण आजारासमोर उभे नाही ना, याची खात्री करून घ्यावी लागते आणि महागुरूंच्या परवानगीविना तो विधी कोणा धर्मगुरूला करता येत नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तर भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधून ठेवणे हा गुन्हा ठरवला आहे.

शंभर मेंढरे

तरीही एक शंका मनात राहते. चाचणी सरासरी सांगते, घरात मात्र सरासरी नांदत नसते. घरात असते एक विशिष्ट मुलगी, जी तीन महिने आंघोळ करीत नाही. असतो एक विशिष्ट कामगार, ज्याला मागाच्या खडखडाटात कोणी नावाने हाका मारीत असल्याचे ऐकू येते. पासष्ट टक्के बरे होतात हे ऐकून उरलेल्या पस्तिसांतल्या एकाच्या आईला काय दिलासा मिळणार? येथे आकड्याची हद्द संपते आणि शेजाऱ्याचे काम सुरू होते. गोळी चालू आहे ना, हे पाहणारा कोणी हवा. लग्नसमारंभाला त्या मुलीलाही बोलावणारा कोणी हवा. ‘वेडी’ हा शब्द पोरांच्या तोंडी आला तर त्यांना दटावणारा कोणी हवा.

पण म्हणून मोजणीला कमी लेखू नये. नव्व्याण्णव मेंढरे रानात सोडून हरवलेल्या एकाच्या शोधात निघालेला मेंढपाळ आपल्याला फार प्रिय आहे. एक मेंढरू हरवले आहे, हे त्याला कसे कळले? त्याने मोजले म्हणून. जो मोजीत नाही, त्याच्या लेखी कोणी हरवतच नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यांतील घरांत जाऊन चौकशी झाली आणि मनोविकार असलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जण उपचारांच्या बाहेर आहेत, असे दिसले. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. आपल्या वस्त्यांतील किती मेंढरे तेव्हा मोजणीबाहेर राहिली, याचा विचार प्रत्येकाने करावा. एखादा संशोधक रीतसर परवानगीने आपल्या दाराशी येऊन मनाच्या स्वास्थ्याविषयी विचारू लागला, तर त्याला हटकावे, ओळखपत्र आणि संमतिपत्र मागावे, न पटल्यास नकारही द्यावा. पटले तर मात्र ‘आमच्या घरात तसले काही नाही’ असे म्हणून दार लावू नये. ते दार त्याच वस्तीतील दुसऱ्या कोणाच्या तोंडावर लागलेले असते.

‘गुण आला’ असे कोणी सांगितले की आपण आनंदच मानावा. परमेश्वराचे आभारही मानावेत, कारण औषध शोधणारी बुद्धी त्याचीच देणगी आहे. मात्र ती साक्ष दुसऱ्या घराला सल्ला म्हणून देण्यापूर्वी थोडे थांबावे. कोणत्या आजारात, किती दिवसांनी, औषध चालू असताना की बंद केल्यावर, आणि ज्यांना गुण आला नाही त्यांचे काय झाले, हे विचारावे. चालू औषध कोणाच्या सांगण्यावरून परस्पर बंद करू नये. कोणाकडे जावे हे कळत नसेल, तर सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येते. ठाण्याचे मनोरुग्णालय तर १९०१ सालापासून आपल्या शेजारी उभे आहे. तिथे जाण्यात लाज मानण्यासारखे काही नाही. आणि ज्या दिवशी रोग्याला तिथे न्याल, त्या दिवशी घरी परतल्यावर रोजची रोझरी चुकवू नका. दोन्ही हातांनी उचलले तरच हे ओझे उचलते.